खो-खोत एका गुणाने हरलो, तेव्हापासून मुलीशी संघातलं कोणी बोलत नाही. काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार. इथे खेळणाऱ्या मुलांचे पालक आणि शिक्षक बरेच आहेत, म्हणून विचारते.

माझी मुलगी सातवीत आहे. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संध्याकाळी ही टीव्हीसमोरून हलली नाही. तेव्हापासून हिचं एकच सुरू झालं, मला खो-खो खेळायचंय. शाळेत खो-खो आहेच. सकाळी साडेसहाला सराव असतो. सुट्टीतही खाडा न करता गेली. यंदा १४ वर्षांखालील मुलींच्या संघात निवड झाली तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली.

तालुक्याचा अंतिम सामना होता. शेवटचं आक्रमण आमचं. बरोबरीला एक गुण हवा होता आणि काही सेकंद उरले होते. ही चौकोनात बसलेली. समोरची पळणारी मुलगी अगदी हिच्या पुढ्यात अडकली होती. मागून हिची मैत्रीण धावत आली आणि खो मिळायच्या आतच ही उठली. पंचांनी शिट्टी वाजवली, उलट दिशेला जायला लावलं, तेवढ्यात पळणारी निसटली. वेळ संपली. एका गुणाने हरलो.

मैदानावर सगळ्या रडल्या, ते समजू शकते. पण त्याला आता बरेच दिवस झाले, तरी हिच्याशी कोणी धड बोलत नाही. पाण्याच्या बाटलीला हात लावला तर 'ती माझी आहे'. डबा खायला ही एकटी. संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यातूनही काढून टाकलंय. जी मैत्रीण खो द्यायला आली होती, ती तर हिला बघून वाट बदलते. काल मुलगी म्हणाली, 'आई, मला नाव काढून घ्यायचंय.'

ह्यांचं म्हणणं, खेळात असं चालायचंच, घट्ट होऊ दे. मला ते पटत नाही, पण तिला लगेच काढून घ्यावं असंही वाटत नाही. सरांशी बोलू का? बाकीच्या आयांशी बोलू का? सर चांगले आहेत, फक्त फार कमी बोलतात.

---

डोंबिवली_लोकल

ताई, माझ्या मुलाचं फुटबॉलमध्ये असंच झालं होतं. आम्ही त्याला पोहण्याकडे वळवलं. तिथे आपली लेन आणि आपलं घड्याळ, दुसऱ्याच्या चुकीचा आपल्याला आणि आपल्या चुकीचा दुसऱ्याला त्रास नाही. पोरगा खूश आहे. वेगळा खेळ घेणं म्हणजे पळून जाणं असं मी मानत नाही. तिचं मन सांभाळणं पहिलं. धावायला चपळ असेल तर ॲथलेटिक्स बघा.

---

घाटावरची

कृष्णाकाठ ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मुलींना खो-खो शिकवते. शाळा-कॉलेजात स्वतः खेळले, जिल्ह्याच्या कुमारी संघातून पळाले. हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

डोंबिवलीकर दादांचं चुकीचं नाही, पण तुमच्या मुलीला नक्की काय नकोसं झालंय ते आधी बघा. घरात ती अजून उठ-बस करून बघते का? अंगणात भावाला हुलकावणी देऊन निसटते का? मोबाइलवर सामने लावते का? हे सगळं बंद झालं असेल तर खेळच नकोसा झालाय, मग बदलायला हरकत नाही. पण हे सुरू असेल तर तिला खेळ हवाय, फक्त त्या मुलींमध्ये जाऊन उभं राहायचं नाहीये. मग इलाज त्या मुलींच्या बाजूने करायला हवा.

आता त्या फाउलबद्दल, कारण ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. खो हा दोघींचा असतो. मागून येणारीने हात लावायचा आणि मोठ्याने 'खो' म्हणायचं, बसलेलीने तो मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. शेवटच्या सेकंदांना काय होतं, तर मागून पावलं जवळ येताना ऐकू येतात, समोर पळणारी दिसत असते, बाहेरून आरडाओरडा चाललेला असतो, आणि बसलेली मुलगी खो ऐकायच्या आधी पावलांच्या आवाजावरच उठते. मी इतक्या मुली बघितल्या त्यावरून सांगते, लवकर उठणारी मुलगी जीव लावून खेळणारी असते. जिचं लक्ष नाही ती उशिरा उठते. लवकर उठणारीला थांबायला शिकवता येतं. उशिरा उठणारीच्या मनात खेळ भरायला वर्ष जातं.

याच्यावर सराव आहे, आणि तो दोघींनी मिळूनच करायचा असतो. बसणारीने डोळे मिटायचे. मागून येणारीने आधी चालत यायचं, मग हळू पळत, मग पूर्ण वेगाने. कधी खो द्यायचा, कधी नुसतं जवळून निघून जायचं. हात लागला आणि आवाज आला तरच उठायचं. जोडी लावताना मी मुद्दाम सगळ्यात वेगवान मुलगी आणि सगळ्यात धास्तावलेली मुलगी एकत्र लावते. आठवडाभरात बसणारी शांत होते हे तर आहेच, पण वेगवान मुलीलाही कळतं की आपण खो पुटपुटतो, किंवा हात लागायच्या आधीच ओरडतो. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीचा आवाज त्या वेळी नेमका कधी निघाला, हे त्या दोघींनाच माहीत. कदाचित दोघींनाही नसेल.

सरांशी नक्की बोला. पण 'माझ्या मुलीला वाळीत टाकलंय' अशी सुरुवात करू नका. त्यांना त्या सामन्याचं गुणपत्रक मागा. खो-खोच्या गुणपत्रकावर प्रत्येक पळणारी किती वेळ टिकली, कोणी तिला बाद केलं, कसं बाद केलं, सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या गटात सात मिनिटांचं एक आक्रमण, दोन डाव धरून दोन आक्रमणं आणि दोन पळत्या, म्हणजे बचाव. एवढ्या वेळात शेकडो वेळा कोणीतरी कोणाला खो दिलेला असतो. सरांनी सगळ्या मुलींना गोल बसवून ते पत्रक मोठ्याने वाचावं. पळणाऱ्या तिघींची पहिली तुकडी किती सेकंदांत कापली गेली, खांबाजवळ कोणी सूर मारायला कचरली, कोणाचे दोन्ही पाय रेषेबाहेर पडले, सगळं निघतं. कोणाला उघडं पाडायला हे वाचायचं नाही. एक गुण कुठे कुठे सांडला होता ते मुलींना कागदावर दिसतं. मी हरलेल्या प्रत्येक सामन्यानंतर हे करते, आणि जिंकलेल्याही. जिंकल्यावर वाचलं तर हरल्यावर वाचताना धाक वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सरांना सुचवा. आपल्या खेळात एक नियम आहे जो मी मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवते. पळणाऱ्या तिघींच्या तुकडीतली शेवटची जिने बाद केली, तिने नव्या तुकडीच्या मागे लागायचं नाही. तिने खो द्यायचा आणि बसायचं. टाळ्या चालू असतात, अंगात वारं भरलेलं असतं, आणि त्याच वेळी तिला मैत्रिणीला खो देऊन खाली बसावं लागतं. इतर कुठल्या खेळात असा नियम आहे का मला माहीत नाही, पण मला तो फार आवडतो. माझ्या मुलींना विचारते, तिसरी कोणी मारली? तिचं नाव येतं. मग विचारते, तिला खो कोणी दिला होता? त्याच्या आधी? त्याच्या आधी? चार-पाच नावांनंतर सगळ्या हसायला लागतात, कारण प्रत्येकीचं नाव येऊन गेलेलं असतं.

आता तुमच्याबद्दल, ताई. तिला 'तुझं काहीच चुकलं नाही' असं सांगू नका. शिट्टी तिने स्वतः ऐकली आहे. आपण खोटं बोललो की तिला वाटतं, गोष्ट इतकी भयंकर आहे की आईलासुद्धा ती बोलता येत नाही. 'उठायची घाई झाली, त्यावर आता काम करायचं' एवढंच पुरे. माझ्या संघात यासाठी एक कडक नियम आहे. मैदानावर एकमेकींना ओरडून काहीही सांगा, पण ते उपयोगाचं हवं. 'डावीकडे बघ', 'खांब सोड', 'रेषा'. 'तुला कळत नाही का' हे ज्या तोंडातून निघालं ती मुलगी त्या दिवशी बाहेर बसते, मग ती कर्णधार का असेना. पहिल्या वर्षी यावरून एक पालक माझ्याशी भांडायला आले होते. नियम बदलला नाही.

मुलींना हे जमतं का, असं वाटेल. जमतं. आमच्याकडे गळिताच्या हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. एका वर्षी टोळीतली एक मुलगी आमच्या शाळेत बसायला लागली आणि सरावाला आली. पळायची वाऱ्यासारखी, पण मैदानाची रेषा तिच्या डोक्यातच बसेना. पळता पळता दोन्ही पाय बाहेर, बाद. पुन्हा तेच. मुली कुरकुरल्या, 'फुकटची जाते ही'. मी काही बोलायच्या आत तिच्या तुकडीतल्या दोघी मोठ्या मुलींनीच ठरवलं, की ही पळत असताना बाहेर असलेल्या सगळ्यांनी रेषेलगत उभं राहायचं आणि ती जवळ आली की 'रेषा!' म्हणून ओरडायचं. सराव संपल्यावर त्या दोघी तिला घेऊन कडेकडेने चक्कर मारायच्या. गावच्या स्पर्धेत ती इतका वेळ पळाली की समोरच्या संघाच्या बाईंनी मला येऊन विचारलं, ही कुठली मुलगी. हंगाम संपला, टोळी गेली. पुढच्या वर्षी टोळी परत आली तेव्हा ती पाल ठोकून व्हायच्या आधी मैदानावर हजर होती.

आणि एक बोलते, इथे बाप्येही वाचत असतील, तरी बोलते. या वयात मुलींना पाळी सुरू होते. खो-खोत सारखं खाली बसायचं, उठायचं, सूर मारायचा. डाग पडेल या भीतीने मुली पोटात दुखतंय सांगून घरी राहतात, आणि मग बाकीच्या म्हणतात ही नाटकं करते. आमच्या संघाच्या किट बॅगेत एक वेगळी पिशवी असते, त्यात पॅड आणि दोन-तीन काळ्या ट्रॅक पँट. ती भरायचं काम मुलींचं. कोणी ती उघडली तर कोणी काही विचारायचं नाही. ही पिशवी ठेवल्यापासून आमच्याकडे मुलींचं मधूनच गैरहजर राहणं जवळजवळ थांबलं. तुमच्या मुलींमध्ये आपसात असं काही आहे का, ते बघा. एकमेकींचं एवढं सांभाळणाऱ्या मुली एका फाउलवरून एवढ्या लांब जात नाहीत.

राहता राहिला तो ग्रुप. सातवीच्या मुलींचे ग्रुप बहुतेक आयांच्या फोनवर असतात. म्हणजे तुमच्या मुलीला काढलं तेव्हा तो फोन कुठल्यातरी आईचा होता. त्या आईला शांतपणे एक फोन करा. तक्रार म्हणून नको, 'सरावाची वेळ कळायला हवी म्हणून परत घ्या' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा आईला माहीतच नसतं.

लगेच काढून घेऊ नका. निदान गुणपत्रक वाचून होईपर्यंत तरी.

---

पॅड_बांधून

घाटावरची ताईंनी सगळं सांगितलंय. मी क्रिकेटवाला, मुंबईत शाळेच्या मुलांबरोबर काम करतो. मला एका मुलाबद्दल लिहायचंय.

फेब्रुवारी १९८८. हॅरिस शिल्ड ही शाळांची क्रिकेट स्पर्धा, आझाद मैदान. शारदाश्रम शाळेकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. हे सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्यानंतर फलंदाजीला जाणारा मुलगा पॅड बांधून बसून होता. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार.

पुढे त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतकं केली. २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबई रणजी जिंकली. भारताकडून तो एकही सामना खेळला नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला तेव्हा तो त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता.

मी मुलांना यातला ट्रॉफीचा भाग फारसा सांगत नाही. त्याच स्पर्धेतलं जेमिमा रॉड्रिग्जचं सांगतो. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तिला संघाबाहेर बसवलं होतं. ती परत आली आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ केल्या. सामन्यानंतर ती पत्रकारांसमोर मोकळेपणाने बोलली, की स्पर्धेत सुरुवातीला तिला प्रचंड अस्वस्थता होती, ती रोज रडायची, आणि अरुंधती रेड्डी, स्मृती मानधना, राधा यादव या तिच्याजवळ थांबल्या. स्मृती तर कधी कधी काही न बोलता नुसती जवळ उभी राहायची, असंही तिने सांगितलं. अरुंधतीला त्या विश्वचषकात एकही सामना खेळायला मिळाला नाही. म्हणजे जिला स्वतःला मैदानात उतरायला मिळत नव्हतं, ती रडणाऱ्या मैत्रिणीला धरून होती. माझ्या शाळेतल्या राखीव मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. त्यांना वाटतं आपल्याला काही कामच नाही. मी म्हणतो, आज बाद होऊन कोण परत येतंय बघ, आणि त्याच्या शेजारी जाऊन बस. स्कोअरविषयी बोलू नकोस.

तुमच्या मुलीच्या संघातही तीन राखीव मुली असतील. त्यांच्यापैकी एखादी तिच्याजवळ डबा घेऊन बसली तरी पुष्कळ फरक पडेल. सरांनी हे त्या राखीव मुलींना एकेकटं गाठून सांगावं, सगळ्यांसमोर नको.

---

बारावा_नंबर

मी अठरा वर्षांची आहे, किशोरी (१४ वर्षांखालील) गटापासून खेळते. मी बराच काळ राखीवच होते. बारा नंबरची जर्सी, म्हणून हे नाव.

मोठ्या माणसांना माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्यात राष्ट्रीय स्पर्धेत किशोरी गटाच्या सर्वोत्तम खेळाडूला इला पुरस्कार असतो, त्याच्या वरच्या गटात जानकी. लहान मुली हेच डोक्यात ठेवून येतात. पण संघात बारा जणी असतात आणि बक्षीस एकीला. मग ज्या आधीच चांगल्या आहेत त्यांना वाटतं, बाकीच्यांमुळे आपलं नुकसान होतं. तुमच्या मुलीवर रागावलेल्या मुलींनाही कदाचित असंच वाटत असेल. त्या वाईट नाहीत. त्यांना पुढे जिल्ह्याला जायचं होतं.

मी टिकले ती आमच्या कर्णधार ताईमुळे. ती आमच्यातली सगळ्यात भारी पळणारी होती. सराव संपल्यावर ती स्टॉपवॉच घेऊन थांबायची आणि म्हणायची, चल, मी तुझ्या मागे लागते. मी अठरा-वीस सेकंदात बाद व्हायचे. ती वहीत आकडा लिहायची. कधीच म्हणाली नाही की छान किंवा वाईट. फक्त म्हणायची, काल अठरा होतं, आज बावीस. माझ्या आकड्याची तुलना मी फक्त माझ्याशीच करावी म्हणून ती दुसऱ्या कोणाचा आकडा मला दाखवायची नाही. पुढे मी दीड मिनिटाच्या वर पळायला लागले तेव्हा ती बारावीला गेली होती आणि सरावाला येत नव्हती. मी वहीचं पान फोटो काढून पाठवलं. तिने उत्तरात फक्त लिहिलं, 'डाव्या खांबाकडे अजून उशिरा वळतेस.'

काकू, तुमच्या मुलीला सांगा की नाव काढून घेऊ नको. मला कोणी काढून घेतलं असतं तर मी कधीच पळाले नसते. आणि तिला संघात एक तरी मोठी मुलगी शोधून द्या. आठवी-नववीतली चालेल.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

सरांकडे गेले. घाटावरची ताईंनी सांगितल्याप्रमाणे गुणपत्रकाचं विचारलं. सर थोडा वेळ गप्प बसले, मग कपाटातून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाआधी त्यांनी मुलींना वडाखाली बसवून वाचून दाखवलं. मुलीने घरी येऊन सांगितलं, की पहिल्या डावात आमची पहिली तुकडी फारच लवकर बाद झाली होती आणि त्यात कर्णधारही होती. कर्णधार स्वतःहून म्हणाली, 'सर, माझा पाय रेषेवर नव्हता, बाहेरच होता, मला तेव्हाच कळलं होतं.' मग आणखी दोघी बोलल्या. सरांनी शेवटी एवढंच म्हटलं, 'आता उठा, उन्ह वाढेल.'

ग्रुपचंही झालं. ज्या आईच्या फोनवरून काढलं होतं तिला खरंच माहीत नव्हतं. तिने लगेच परत घेतलं, आणि तिच्या मुलीला माझ्यासमोर रागावायला निघाली. मीच थांबवलं.

डबा आता एक राखीव मुलगी हिच्याबरोबर खाते. तिला कोणी सांगितलं का, मी विचारलं नाही.

पण ती मैत्रीण अजून बोलत नाही. पहिलीपासूनची मैत्रीण आहे, दोघींची घरं एकाच आळीत. तिला जेवायला घरी बोलवून दोघींना समोरासमोर बसवू का? की तिच्या आईला मध्ये घालू?

---

घाटावरची

ताई, वाचून इतकं बरं वाटलं. तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा.

जेवायला बोलवू नका. दोघींना समोरासमोर बसवून 'आता बोला' म्हटलं की त्या आपल्या मोठ्यांच्या समाधानासाठी काहीतरी बोलतील आणि मनातलं मनात राहील. मला त्या मैत्रिणीबद्दल राहून राहून वाटतंय, की ती रागावलेली नसेलच. खो तिने द्यायचा होता. तिचा आवाज उशिरा निघाला की काय, हा विचार तिच्याही डोक्यात असेल, आणि तुमच्या मुलीकडे बघितलं की तेच आठवत असेल. वाट बदलणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच स्वतःवर चिडलेल्या असतात.

सरांना सांगून या दोघींची डोळे मिटून खो घ्यायची जोडी लावा. सरांनी कारण सांगू नये, फक्त जोड्या वाचताना दोघींची नावं एकत्र घ्यावीत. पहिले दोन-तीन दिवस मैत्रीण मागून येईल, तुमची बसेल, मग उलट करायचं. या सरावात बोलल्याशिवाय चालतच नाही. निदान 'खो' तरी म्हणावंच लागतं. आणि मग 'अगं हात लागला नाही', 'लागला की', 'जोरात म्हण ना' असं सुरू होतं. तेवढं सुरू झालं की आपण मोठ्यांनी तिथून हलायचं.

आणि सरांना तिची बसण्याची पद्धत बघायला सांगा. सातवीतल्या बऱ्याच मुली धावण्याच्या शर्यतीसारखा एक पाय मागे टाकून बुलेट टोने बसतात. त्यात वजन पुढे कलतं आणि नुसत्या चाहुलीने उठायला होतं. तिला काही दिवस दोन्ही पाय समांतर ठेवून, पॅरलल टोने बसवून बघा. वेग थोडा कमी झाल्यासारखा वाटेल, पण दोन्ही बाजूंना उठता येतं आणि थांबणंही सोपं जातं. तिला काय सोयीचं वाटतं ते पंधरा दिवसांनी कळवा, मग पुढचं सांगते.